शालनमावशींचा ल

सासूबाई होत्या तोपर्यंत आमच्या मजल्यावर माझ्या नोकरीचं वर्णन एकाच वाक्यात व्हायचं. ‘आमची सुलभा पीडीएफमध्ये असते.’ कोणी रेल्वेत असतं, कोणी पोस्टात असतं, तशी मी पीडीएफमध्ये. समोरच्या काकूंनी तर एकदा विचारलंही, की तिथं पेन्शन आहे का. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला आणि त्यांनी त्या दिवशी मला दोन अळुवड्या जास्त वाढल्या.

डोंबिवलीत घर आणि ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एक छोटी कंपनी, असं माझं सव्वीस वर्षांचं आयुष्य. कंपनीचं काम एकच, दुसऱ्यांचे कागद तयार करून देणं. म्हणजे बघा, तुम्ही मोबाइलवर कुठंतरी बोट दाबता आणि तुमच्या नावाचं प्रमाणपत्र, नोटीस, निकाल, काहीतरी खाली उतरतं. तुम्हाला वाटतं ते आपोआप आलं. आपोआप काही येत नाही हो. कोणीतरी बसून एक प्रोग्राम लिहिलेला असतो, की कागद एवढा लांब, समास एवढा, इथं नाव, तिथं तारीख, आणि नाव लांबलं तर अक्षर बारीक कर पण चौकटीत बसव. तो प्रोग्राम लिहिणारी बाई मी. माणसांची नावं चौकटीत बसवणं हा माझा धंदा. त्यात मी बरी होते, हे सांगायला आता लाजायचं कारण नाही.

बाहेरच्यांना वाटतं यात अवघड ते काय. तर जरा सांगते. कॉम्प्युटरला अक्षर ठाऊक नसतं, त्याच्याकडे नुसते नंबर असतात. नंबर बघायचा, फॉन्ट नावाच्या पेटीत जाऊन त्या नंबरचं चित्र काढायचं आणि कागदावर नेऊन ठेवायचं. इंग्रजीत एवढ्यावर भागतं, ती अक्षरं शहाण्यासारखी एकामागे एक उभी राहतात. आपली अक्षरं म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो. ऱ्हस्व वेलांटी येते मागून आणि उभी राहते पुढे. जोडाक्षरातला एक अर्धा होऊन दुसऱ्याला बिलगतो. रफार सरळ डोक्यावर चढून बसतो. हे सगळे मानपान प्रोग्रामला समजावले नाहीत, तर वेलांटी भलत्याच्याच शेजारी जाऊन उभी राहते आणि घरोघरी रुसवे सुरू होतात.

आणि पेटीच सोबत दिली नाही, तर त्याहून मजा. कल्याणच्या एका सोसायटीला मी सभासदांची यादी करून दिली होती. फॉन्ट त्या पीडीएफच्या पोटात घालायला विसरले. माझ्या मशीनवर पेटी होती म्हणून मला सगळं छान दिसत होतं. सेक्रेटरींच्या मशीनवर नव्हती, त्यामुळे तिथं नावांच्या जागी नुसते रिकामे चौकोन छापून आले, ओळीच्या ओळी. यावर कोणीही फोन करून ओरडेल, असं तुम्हाला वाटेल. पण ती सोसायटी शिस्तीची. यादी बोर्डावर लागली आणि सभासदांनी ते चौकोन खूण करायचे आहेत असं समजून त्यात निळ्या पेनानं खुणा केल्या. एकशे दहा फ्लॅटपैकी बहुतेकांनी. कशासाठी, हे एकानंही विचारलं नाही. सेक्रेटरी मला म्हणाले, ‘मॅडम, प्रतिसाद उत्तम आहे, फक्त विषय काय होता तेवढा कळवा.’

दिवा स्टेशनजवळच्या एका टॉवरचं मात्र मला आजही वाईट वाटतं. पाण्याचं वेळापत्रक होतं, चार विंगांचं. तीन विंगा पहिल्या पानावर बसल्या आणि चौथी, डी विंग, एका ओळीच्या फरकानं दुसऱ्या पानावर गेली. वॉचमननं पहिलं पान लिफ्टशेजारी चिकटवलं, दुसऱ्याची त्याला गरज वाटली नाही. डी विंगवाले दोन दिवस बादल्या घेऊन सी विंगमध्ये जात होते. एक ओळ, पण दिव्यात पाण्याची ओळ म्हणजे काय, हे तिथं राहणाऱ्याला विचारा. त्यानंतर मी कुठलंही कोष्टक केलं की शेवटची ओळ कुठं पडते ते आधी बघते.

आमच्या साहेबांची एक पद्धत होती. कागद चुकला की ते केबिनमधून बाहेर यायचे आणि विचारायचे, ‘हे कोणी केलं?’ सगळे माना खाली घालायचे. शेवटी वैतागून त्यांनी नियम काढला, की ज्यानं कागदाची मांडणी केली त्यानं अगदी तळाशी आपलं नाव टाकायचं, फिकट करड्या रंगात आणि इतक्या बारीक अक्षरात की गिऱ्हाइकाला दिसू नये, पण साहेबांना भिंगातून दिसावं. तेव्हापासून माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी, डावीकडच्या कोपऱ्यात, मी आहे. ‘मांडणी : सुलभा’. ठाण्या-कल्याणातल्या किती घरांच्या कपाटात मी पडून असेन कोण जाणे. इतक्या वर्षांत एकाही माणसानं विचारलं नाही, की ही सुलभा कोण. मीही ते कोणाला दाखवलं नाही. पण नोकरी संपल्यावरही ती सवय मोडली नाही. घरचं हळदीकुंकवाचं आमंत्रण केलं तरी कोपऱ्यात मी असतेच. नवरा म्हणतो, भांड्यांवरचं नाव कमी पडलं का तुला.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

कुंदाताई माझी मोठी नणंद. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, निवृत्त झाली आणि तिला घरी बसवेना. ती कळव्याला राहते. तिथल्या मासळीबाजारातल्या बायकांसाठी तिनं एका बालवाडीच्या खोलीत दुपारचा लिहिण्यावाचण्याचा वर्ग काढला. बाजार दीडपर्यंत उरकतो, बायका हात धुऊन अडीचला येतात, चारला घरी. खोलीत बसायला बालवाडीचीच बाकं, इतकी बुटकी, की मी पहिल्यांदा गेले तेव्हा बसले आणि मग दोघींनी हाताला धरून मला उठवलं.

त्या वर्गात शालनमावशी होत्या. शालन पाटील. साठी उलटलेल्या, भरदार आवाजाच्या. बाजारात त्या ओरडल्या की स्टेशनपर्यंत ऐकू जातं असं कुंदाताई म्हणायची, आणि कुंदाताई शिक्षिका असल्यामुळे वाढवून सांगत नाही. घरात मुलगा, पदवीधर सून, सातवीतली नात. सगळी शिकलेली आणि या एकट्या अंगठ्याच्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती. ‘माजा नाव मना माज्या हातान लिवता यावा आनि माज्या डोल्यांनी वाचता यावा. बाकी काय नको.’ बाकी काय नको म्हणत त्या बाराखडीच्या शेवटापर्यंत गेल्या, ते वेगळं.

पण नाव लिहिताना घाम निघाला. शालन पाटील म्हणजे त्यात एक श आणि दोन ल. कुंदाताईचं अक्षर जुन्या शाळेतलं. ती फळ्यावर ल काढायची तो दोन गोल पाकळ्या देठाला लावल्यासारखा, आणि श काढायची तो वरून देठ निघाल्यासारखा. मावशींना पाकळी जमेना. मग त्या बाजारात गिऱ्हाईक नसलं की मासे कापायच्या पाटावर ओल्या बोटानं ल काढत बसायच्या. वाळला की परत काढायच्या. शेजारच्या बाईनं हटकलं तर म्हणायच्या, ‘गप, मी शालेत हाय.’ दोन महिन्यांनी पाकळी वळली. त्या दिवशी वर्गात सगळ्यांना बोंबील मिळाले. कुंदाताई शाकाहारी, तिला नारळ मिळाला.

वर्ष संपलं तेव्हा कुंदाताईनं ठरवलं, की प्रत्येकीला प्रमाणपत्र द्यायचं, छापील, सोनेरी किनारीचं. मला फोन आला. ‘अगं सुलभा, तू ते पीडीएफवालं करतेस ना, तसं करून दे. अकराच आहेत. पण नीट कर हं, भिंतीवर लावणार आहेत त्या.’ मी म्हटलं, ‘ताई, मी दिवसाला चाळीस हजार कागद काढलेत. अकरांचं काय घेऊन बसलीस.’ हे वाक्य मी का बोलले, असं मला नंतर फार वाटलं.

मी अकरा काढली. फॉन्ट या वेळी आठवणीनं पोटात घातला. वेलांट्या तपासल्या, जोडाक्षरं तपासली, नावं मधोमध येतात की नाही ते पट्टीनं मोजलं. जाड कागदावर छापून घेतली. देखणी झाली होती. तळाशी कोपऱ्यात अर्थातच मी होते.

आता कुंदाताईची एक रीत आहे, तिनंच काढलेली. ती नाव पुकारून प्रमाणपत्र देत नाही. ‘पुकारून द्यायला ती काय शाळेतली पोरं आहेत? यांना वाचता येतं, त्या वाचून घेतील.’ म्हणून सगळी प्रमाणपत्रं टेबलावर उलटसुलट क्रमानं मांडायची, एकेकीनं यायचं, आपलं नाव शोधायचं, मोठ्यानं वाचायचं आणि उचलायचं. घरची माणसं समोर बसलेली. मला वाटतं, त्या बायकांना कागदापेक्षा त्या उचलण्याचीच हौस जास्त होती. मावशींनी घरी आठवडाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं, ‘माजा कागद मीच उचलनार, कोनी बोट दाखवाचा नाय.’

रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. खोली गच्च भरली होती. मावशींचा मुलगा सुट्टी बघून आला होता, सून नवी साडी नेसून, नात मोबाइल रोखून. मी पहिल्या ओळीत, किनारीचं कौतुक ऐकायला.

पहिल्या बाईनं आपलं उचललं, टाळ्या. दुसरीनं उचललं. मावशींचा नंबर चौथा. त्या टेबलापाशी गेल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. परत फिरवलं. मग म्हणाल्या, ‘यांना घेऊ दे आधी, मी मागून घेतंय.’ कुंदाताईला वाटलं गडबडल्या असतील. बाकीच्या एकेक करून उचलत गेल्या. शेवटी टेबलावर एकच कागद उरला.

मावशी परत पुढे आल्या. त्या कागदाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. खोलीत सगळे हसू धरून बसले होते, आता वाचतील, मग वाचतील. मावशींनी बोट टेकवलं, पहिल्या अक्षरावरून शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं, आणि मान हलवली.

‘यो माजा नाय.’

‘अगं शालन, उरलाय तो तुझाच आहे,’ कुंदाताई हळू आवाजात म्हणाली.

‘नाय. माजा नाव असा नाय.’

मुलगा उठला. ‘आई, तुझंच नाव आहे, घे ना.’ सून म्हणाली, ‘हो आई, बरोबर आहे.’ नातीनं मोबाइल खाली ठेवून मोठ्यानं वाचून दाखवलं, शालन पाटील. कुंदाताईनं कागद हातात घेऊन वाचलं, शालन पाटील. आणि मग मी उठले. सव्वीस वर्षांचा अनुभव उभा राहिला म्हणा ना. मी म्हटलं, ‘अहो मावशी, मी स्वतः तपासलंय. अगदी बरोबर आहे.’

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग नातीकडे. खोलीतल्या सगळ्यांना ते नाव वाचता येत होतं आणि ज्यांचं होतं त्यांना येत नव्हतं. ‘मंग मना येत नाय वाचाला,’ त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की मागच्यांना ऐकूसुद्धा गेला नसेल. कागद टेबलावर तसाच ठेवून त्या जाऊन चपला शोधायला लागल्या. मी कौतुक ऐकायला आलेले. चहा घेतला आणि घरी आले.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, चारचौघांत बावरतात. हेही मीच बोलले. लिहून ठेवते, कारण दुसरं कोणी माझ्या नावावर लिहिणार नाही.

आठ-दहा दिवसांनी कुंदाताईचा फोन आला. मावशी वर्गाला येत नव्हत्या. ही बाजारात गेली तर त्या तिच्याकडे बघेनात, पापलेट पुढे करून ‘बाई, घ्याचा काय’ म्हणाल्या, जशी ही कोणी गिऱ्हाईक. आणि त्या दिवशी सकाळी बाजारात जागेच्या परवान्याच्या नूतनीकरणाचे फॉर्म भरून घ्यायला माणूस आला होता. सगळ्या बायकांनी सह्या केल्या. मावशींनी शाईचं पॅड मागितलं. ‘सुलभा, तिनं अंगठा दिला गं,’ कुंदाताई म्हणाली आणि फोनवर रडली. माझ्या नणंदेला मी सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी कळव्याला गेले. कुंदाताईनं ते उरलेलं प्रमाणपत्र माझ्यापुढे ठेवलं. मी चष्मा चढवून पाहिलं. काही चूक नव्हती. मी म्हटलं, ‘ताई, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.’ तिनं मावशींची वही काढून प्रमाणपत्राच्या शेजारी उघडी ठेवली आणि आत चहा ठेवायला गेली.

वहीत एक अख्खं पान ल होतं. पहिल्या ओळीतले लंगडे, पाकळ्या फुटलेल्या, मग सावरत गेलेले, आणि तळाशी गोल, भरलेले. पानाला मासळीचा वास येत होता. मी त्या शेवटच्या ओळीकडे पाहिलं आणि मग प्रमाणपत्राकडे पाहिलं.

माझ्या प्रमाणपत्रावरच्या ल ला पाकळ्याच नव्हत्या. तो हिंदी पुस्तकात असतो तसा होता, एक हुकासारखा आकडा वळून दांडीला टेकलेला. श सुद्धा देठाचा नव्हता, गाठ मारल्यासारखा. आपण वर्षानुवर्षं वाचणारी माणसं. आपण अक्षरं बघतच नाही, आपण शब्दावरून घरंगळत जातो. पाकळी असो की आकडा, आपल्याला ल म्हणजे ल. मावशी घरंगळत नव्हत्या. त्यांनी पाटावर ओल्या बोटानं जे काढलं होतं, ते त्या कागदावर शोधत होत्या, आणि ते तिथं नव्हतं. त्यांच्या इवल्याशा नावातली तीन अक्षरं अनोळखी होती. बाकीच्या बायकांना अडचण आली नाही, कारण काहींच्या नावात ल आणि श नव्हतेच, काहींच्यात एखादाच होता, तो इतरांच्या संगतीत खपून गेला. त्या खोलीत नाव खरोखर वाचलं होतं ते एकट्या मावशींनी. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना सांगितलं, की तुला वाचता येत नाही.

कारण सांगते, ते कळायला सोपं आहे आणि त्याचीच मला लाज वाटते. चांगल्या फॉन्टच्या पेटीत ल ची दोन्ही चित्रं असतात, हिंदीचं आणि मराठीचं. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर पेटी हिंदीचं काढून देते. मराठीचं हवं असेल तर प्रोग्राममध्ये एक ओळ लिहायची, की हा मजकूर मराठी आहे. एकच ओळ. मी प्रोग्रामला कागदाची लांबी सांगितली होती, रुंदी सांगितली होती, किनारीचा सोनेरी रंग कुठला ते सांगितलं होतं. मजकूर मराठी आहे, हे सांगायचं राहिलं. आणि या एका कामात राहिलं असंही नाही. नवे फॉन्ट आल्यापासून कधीच सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर मी जुन्या फायली उघडल्या. जिथं बघावं तिथं आकड्याचा ल. नोटिसा, निकाल, आमंत्रणं. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी, कोपऱ्यात, फिकट करड्या अक्षरात, सुलभा. माझ्या स्वतःच्या नावातला ल. माझ्या आईनं पाटीवर हात धरून मला गिरवायला लावला होता तो पाकळ्यांचा. मी इतकी वर्षं माझं नाव कोपऱ्यात लिहीत होते आणि एकदाही वाचलं नव्हतं.

ओळ लिहायला अर्धं मिनिट लागलं. पण तेवढ्यानं भागेना. मी किनारीला शोभेल म्हणून जो नखरेल फॉन्ट घेतला होता, त्याच्या पेटीत मराठी चित्रंच नव्हती. मग दुसरा, साधा घेतला. तो अंगानं रुंद निघाला, मोठी नावं किनारीवर चढायला लागली. मग किनार बारीक केली. अकराच्या अकरा नव्यानं काढली, आणि या वेळी वही शेजारी उघडी ठेवून एकेक अक्षर बघितलं. दिवसाला चाळीस हजारवालीला अकरा कागदांना सबंध दिवस लागला.

कुंदाताई आणि मी सकाळी बाजारात गेलो. मावशींनी आम्हाला लांबूनच पाहिलं आणि सुरी जरा जोरात चालवायला लागल्या.

‘मना कागद नको,’ त्या वर न बघता म्हणाल्या. ‘माजा झालाय शिकून.’

मी तिथं काय बोलायचं ते लोकलमध्ये घोकून आले होते. ते सगळं विसरले. मी म्हटलं, ‘मावशी, त्या कागदावरचं नाव चुकलेलं होतं. चूक माझी होती. तुम्हाला बरोबर वाचता येतं, म्हणूनच ते वाचता आलं नाही.’

आजूबाजूच्या सुऱ्या थांबल्या. मावशींनी वर पाहिलं. ‘तू तर बोललीस बरोबर हाय म्हनून. सगल्यांच्या समोर.’

‘बोलले. म्हणून आता सगळ्यांच्या समोर सांगते, मी चुकले.’

‘मंग आमचा पोरगा, सून, नात, त्यांनी कसा वाचला?’

‘त्यांनी नीट बघितलंच नाही,’ कुंदाताई म्हणाली. ‘मीसुद्धा नाही बघितलं, शालन. पाकळी मी शिकवलेली, आणि मलाच दिसली नाही.’

कुंदाताईनं शेजारची रिकामी खोकी उलटी घातली, त्यावर प्लॅस्टिक अंथरलं आणि अकरा कागद उलटसुलट मांडले. शेजारच्या बायका उठून आल्या, त्यांची स्वतःची नावंही त्यात होतीच. मावशींनी एकीला हातानं मागे सारलं. ‘कोनी बोट दाखवाचा नाय.’ मग बादलीत हात धुतले, पदराला पुसले, परत पुसले आणि खोक्यांपाशी आल्या.

बोट फिरवायची वेळच आली नाही. त्यांनी वरून एकदा पाहिलं आणि थेट तिसऱ्या ओळीतला कागद उचलला.

‘शालन पाटील,’ त्या म्हणाल्या. नेहमीच्या, बाजाराच्या आवाजात. स्टेशनपर्यंत गेला असेल.

कुंदाताईनं डोळे पुसले. मी सुटले असं वाटून कागद गोळा करायला वाकले. पण मावशींचं व्हायचं होतं. त्या कागद हातात धरून तसाच बघत होत्या. नाव वाचून झालं, मग खालची ओळ वाचली, मग तारीख. मग कागद डोळ्यांशी नेला, उन्हाकडे वळवला आणि तळाच्या डाव्या कोपऱ्यावर नजर लावून थांबल्या.

‘मां-ड-नी,’ त्या म्हणाल्या. थोड्या थांबल्या. ‘सु… ल… भा.’

माझ्या हातातले कागद हातातच राहिले.

‘ही कोन सुलभा?’

‘मी,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. ‘येवढा बारीक कनाला लिवलास? कोनी वाचू नये म्हनून?’

खरं उत्तर तेच होतं. त्यांनी परत कागद डोळ्यांशी नेला. ‘ल बराबर काडलास,’ म्हणाल्या. ‘माजाच हाय.’ मला रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं सुक्या जवळ्याच्या वासानं, तिनं टोपली पलीकडे सरकवली.

कुंदाताई शिस्तीची बाई, तिनं पिशवीतून पोचवही काढली. प्रमाणपत्र मिळालं म्हणून सही हवी. वहीतले रकाने मीच आखून छापून दिलेले, सारखे, एका नावाला पुरेल एवढे. मावशींनी पेन घेतलं, एक गुडघा खोक्याला टेकवला आणि लिहायला लागल्या. श ला देठ काढला. पहिल्या ल च्या पाकळ्या इतक्या गोल आणि मोठ्या काढल्या, की त्या रकान्याच्या वर गेल्या. पाटील लिहीपर्यंत रकाना संपला, शेजारचा संपला, आणि शेवटचा ल पानाच्या कडेपर्यंत जाऊन खालच्या ओळीत उतरला.

‘मावला नाय,’ त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

‘राहू दे,’ मी म्हटलं. ‘रकाना मी चुकीचा आखला.’